आमच्या शनिवारच्या बैठकीचे दशक्रिया मंडळ झाले आहे का?

गंगापूररोडकर (३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०)

नाशिकमध्ये आम्ही पाच मित्र आहोत. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि महाविद्यालयात असल्यापासून, म्हणजे साधारण १९९० पासून, आम्ही रॉक संगीत एकत्र बसून ऐकत आलो आहोत. त्या काळी असल्या कॅसेट इथल्या दुकानांत क्वचितच दिसत. कोणीतरी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाई, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एक कॅसेट घेऊन येई, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ती भरली जाई आणि पाचव्याच्या वाट्याला गिटारपेक्षा खरखरच जास्त येई. तो पाचवा बहुधा मीच असे. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत डेव्हिड बोवी गेला. (सर्वांचा उल्लेख एकेरीच करतो आहे, त्याबद्दल राग नसावा, लताला आणि सचिनला तरी आपण कुठे अहो-जाहो करतो?) आठ तारखेला त्याचा ६९ वा वाढदिवस होता, त्याच दिवशी त्याचा नवा अल्बम बाहेर आला आणि दहा तारखेला तो गेला. त्याआधी जेमतेम दोन आठवडे मोटरहेडचा लेमी गेला होता. त्या शनिवारी आम्ही आमच्या गच्चीवरच्या खोलीत जमलो, फोटो लावला नाही की भाषणे केली नाहीत, फक्त दोघांचे अल्बम रात्री दीडपर्यंत ऐकत बसलो. त्यानंतर जणू प्रथाच पडली. २०१७ मध्ये चक बेरी आणि टॉम पेटी, २०२० मध्ये नील पर्ट, लिटल रिचर्ड आणि एडी व्हॅन हेलन, २०२१ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स, २०२३ मध्ये जेफ बेक आणि टीना टर्नर. चार्ली वॉट्सच्या वेळी मी नीट बोलूही शकलो नाही, कारण ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला तेव्हा मी फार मागे उभा होतो आणि पुढच्यांच्या डोक्यांमधून मला दिसला तो बहुतेक वेळ त्याचा शांत चेहराच. यंदाच्या जूनमध्ये स्लाय स्टोन आणि ब्रायन विल्सन दोन दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा दोघांची बैठक एकत्रच उरकावी लागली. ‘उरकावी लागली’ हा शब्द लिहिताना माझा मलाच खटकला, आणि माझ्या प्रश्नाची सुरुवात तिथूनच होते.

५ जुलै रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या बँडचे मूळचे चौघे वीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. उभे राहिले तिघेच, कारण पार्किन्सन्समुळे त्यांचा गायक ऑझी ऑसबॉर्न याला चालता येत नव्हते आणि तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. ज्या ॲस्टन वस्तीत तो वाढला, तिथून ते मैदान पायी जाण्याइतके जवळ आहे. आम्ही ते प्रक्षेपण मध्यरात्र उलटेपर्यंत जागून पाहिले. त्यानंतर बरोबर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. बातमी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, “तुमचे कोण लागत होते ते?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि मला उत्तर देता आले नाही. ज्याचे सोयर नाही की सुतक नाही, अशा माणसासाठी कोणत्या नात्याने रडावे?

त्या शनिवारी आमच्यातला एक जण, जो सर्वांत जुना श्रोता आहे, तो म्हणाला, “आपली बैठक आता राहिली नाही, तिचे दशक्रिया मंडळ झाले आहे. आता गच्चीवर कावळ्याची वाट बघत बसायचे तेवढे बाकी आहे.” आम्ही हसलो, पण त्याने ते मनापासून म्हटले होते आणि पुढच्या बैठकीला आपण येणार नाही असेही त्याने सांगितले आहे. त्याचा हिशेब चुकीचा नाही. ही सगळी पिढी १९४० ते १९५० या दहा-बारा वर्षांत जन्मली, एकाच वेळी विशीत आली, एकाच वेळी जगभर गाजली आणि म्हणून आता एकाच वेळी निघाली आहे. बीटल्सचा रिंगो ८५ वर्षांचा आहे, बॉब डिलन ८४, बीटल्सचाच पॉल ८३, रोलिंग स्टोन्सचा जॅगर ८२, त्याचा जोडीदार कीथ रिचर्ड्स आणि लेड झेपलिनचा जिमी पेज ८१. पुढच्या काही वर्षांत आम्हाला शनिवार पुरणार नाहीत.

म्हणून विचारतो, की या बैठका थांबवाव्यात का? आपल्या शास्त्रीय संगीतात गुरू गेला तरी गाणे शिष्याच्या गळ्यात राहते, तिथे घराणे असते. रॉकमध्ये गाणे रचणारा, वाजवणारा आणि गाणारा बहुधा तोच असतो. तो गेला की मागे फक्त ध्वनिमुद्रण उरते. मग आम्ही दर वेळी जमून नेमके काय करतो आहोत?

पंचवटीची तंबोरी (४ ऑगस्ट, सकाळी ७.१५)

मी गाणे शिकवते आणि रॉक संगीत माझ्या मुलाच्या खोलीच्या बंद दारामागून जेवढे ऐकू येते तेवढेच ऐकलेले आहे, तरीही आपल्या प्रश्नातल्या घराण्याच्या मुद्द्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. गुरू गेला तरी गाणे शिष्याकडे राहते, हे आपण जितक्या सहज लिहिले आहे तितके ते सहज घडत नाही.

नाशिकचेच उदाहरण घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथे रामनाम आधार आश्रम काढला आणि त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. वडील १९३१ मध्ये गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते. म्हणजे ज्याच्याकडून शिकायचे तो गुरू हाताशी उरला नाही, आणि वडिलांचे गाणे मुलापर्यंत पोहोचले ते विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांकडून. हे झाले आपण म्हणता तसे घराणे. मात्र तेच बापूराव १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. आज माझे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते कोणा शिष्याच्या गळ्यातून नव्हे, तर तबकड्यांवरून आणि आकाशवाणीने जपलेल्या ध्वनिमुद्रणांवरून. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, आणि त्यांचा सूर माझ्या कानात आहे तोही तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळेच. ‘फक्त ध्वनिमुद्रण’ असे कृपया म्हणू नका.

दुसरे असे, की तबकडीवरून शिकणे हीसुद्धा परंपराच आहे. माझ्या मुलाने मला एक हकीकत सांगितली होती. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्थानकाच्या फलाटावर दोन जुने शाळासोबती योगायोगाने भेटले. एकाच्या हातात चक बेरी आणि शिकागोचा मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या, दुसऱ्याची नजर त्यांच्यावर गेली आणि बोलणे सुरू झाले. ते दोघे म्हणजे जॅगर आणि रिचर्ड्स. पुढच्याच वर्षी त्यांचा रोलिंग स्टोन्स हा बँड उभा राहिला आणि त्याचे नावही मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरूनच ठेवले गेले. शिकागोच्या गुरूने या मुलांना समोर बसवून कधी शिकवले नव्हते. द्रोणाचार्यांचा मातीचा पुतळा पुढे ठेवून एकलव्य शिकला तशी ही मुले तबकडी पुढे ठेवून शिकली. तेव्हा घराणे नसेल, पण एकलव्याची परंपरा आहे, आणि ती आपल्याला परकी नाही. पंचवटी एक्सप्रेसमधली आपली कॅसेट आणि डार्टफर्डच्या फलाटावरची ती तबकडी यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

सिंहासनावर बसून गाणाऱ्या त्या वृद्ध गायकाबद्दल आपण लिहिलेत, तेव्हा मला माझे वडील आठवले. बालगंधर्वांचे उतारवय, शरीराने साथ सोडलेली, आवाजही पूर्वीचा उरलेला नाही. तरीही लोक त्यांना ऐकायला जात आणि जुना सूर क्षणभर लागला की डोळे पुसत, असे वडील सांगत. त्या लोकांना कोणी विचारले नाही, की बालगंधर्व तुमचे कोण लागतात.

बैठका बंद करू नका. फक्त एक सुचवते. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला भीमसेनजींनी पुण्यात जो उत्सव सुरू केला, त्यात गुरूंच्या तबकड्या लावल्या नाहीत, तर गाणारी माणसे बोलावली. आपल्या खोलीत कोणी वाजवते का?

सातपूर पहिली पाळी (४ ऑगस्ट, दुपारी ४.०५)

मी ६८ वर्षांचा सेवानिवृत्त कामगार आहे. १९७८ पासून सातपूरला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांवर, काम केले. माझ्या जोडीदाराचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेल्या टेपमधून ब्लॅक सॅबथ माझ्या कानावर पडले आणि गाण्याचा एक शब्द कळत नसूनही ते मला पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. का, ते पुढे कित्येक वर्षांनी कळले.

त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. बँडबरोबर बाहेरगावी जायचे म्हणून नोकरी सोडलेली आणि तो शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका यांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. नेमकी तीच बोटे. गिटार संपली असे धरून तो घरी बसला होता. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकवली. हा माणूस भाजल्यामुळे दोन बोटे निकामी होऊनही उरलेल्या दोन बोटांनी तसले वाजवत होता. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले, गिटारला बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडून स्वरच खाली उतरवला. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा तो जडशीळ आवाज त्या सैल तारांतून आणि त्या टोपणांतून निघाला आहे. ताईंनी एकलव्याचे नाव काढले म्हणून सांगतो, इथे अंगठ्याऐवजी दोन बोटांची टोके गेली आणि ती गुरूने मागितली नाहीत, यंत्राने घेतली.

ज्याने प्रेस शॉपमध्ये पाळी केली आहे त्यालाच हे नीट कळेल. यंत्राची दाब बसण्याची लय एकसारखी असते, आठ तास तीच, घरी आल्यावर झोपेतही तीच. त्यांचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीतला आहे, तो लावा आणि ऐका, प्रेस चालू असल्यासारखे वाटते. ऑझीसुद्धा बँडच्या आधी मोटारीच्या हॉर्नचे आवाज जुळवण्याच्या कामावर होता आणि पुढे कत्तलखान्यातही राबला. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या माणसाचे एक बोट १९८१ मध्ये गेले. त्याला कोणी तबकडी ऐकवली नाही. कारखान्याने भरपाई दिली, पण तीही दोन वर्षे फेऱ्या मारल्यावर. तो आता हयात नाही. गंगापूररोडकर, आपल्या पत्नीने विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे, की ऑझी माझ्या पाळीतला होता.

आता एक तक्रार. आपली यादी मी दोनदा वाचली, तिच्यात नंदू भेंडे नाही. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा मुंबईत सत्तरच्या दशकात इंग्रजी रॉक गात होता. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे येशूवरचे रॉक नाटक मुंबईच्या रंगभूमीवर आले तेव्हा जुडास त्याने गायला, आणि पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्येही तो होता. मराठी घरातला मुलगा असे गाऊ शकतो हे आम्हाला त्याच्यामुळे कळले. तो २०१४ मध्ये गेला. तेव्हा आपली बैठक सुरू झालेली नव्हती हे मान्य, पण ती सुरू झाल्यानंतरच्या नऊ वर्षांत एखादा शनिवार त्याच्यासाठी काढता आला असता. आपण दुसऱ्याच्या अंगणातले वड मोजत बसलो आणि दारातल्या तुळशीला पाणी घालायचे राहिले.

स्पष्टच सांगतो (४ ऑगस्ट, रात्री ९.५०)

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो, पण हे थोडे अति होत आहे. ज्यांच्यासाठी आपण अश्रू ढाळतो त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःच्या शरीराची आणि कुटुंबाची धूळधाण स्वतःच करून घेतली होती. शिवाय हा मोठा व्यवसाय आहे आणि तो कोणाबरोबर सरणावर जात नाही. डिलनने आपल्या गाण्यांचे हक्क २०२० मध्येच विकले, पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क गेल्या वर्षी विकले गेले. किस या बँडने २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि तो संपता संपता पडद्यावर स्वतःच्या संगणकीय प्रतिमा उभ्या करून, यापुढे आमच्या जागी या गातील, असे जाहीर केले. ज्यांनी मरणाच्या आधीच आपले पुतळे कामाला लावायचे ठरवले आहे त्यांचे दहावे-तेरावे आपण नाशिकमध्ये बसून कशाला घालायचे? मित्राचे म्हणणे बरोबर आहे. बैठक बंद करा आणि घरच्यांना वेळ द्या.

सहा तारा (५ ऑगस्ट, रात्री १२.२०)

काका, मी चोवीस वर्षांचा आहे, कॉलेज रोडला राहतो आणि गिटार वाजवतो. मोठ्यांच्या चर्चेत बोलू की नको असा दोन तास विचार केला आणि मग लिहायला घेतले.

सातपूरच्या काकांनी आयोमीच्या सैल तारांबद्दल लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. मी अकरावीत असताना शिकायला सुरुवात केली तेव्हा बोटांना फोड येत, आणि बहुतेक गाणी मला झेपत नसत. मग कोणीतरी सांगितले की सॅबथच्या तिसऱ्या अल्बममधली, म्हणजे १९७१ मधली, काही गाणी तारा तीन अर्धस्वर उतरवून वाजवलेली आहेत. मी तसे करून पाहिले. तारा इतक्या मऊ झाल्या की पहिल्यांदा मला एक संपूर्ण रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, न थांबता वाजवता आला. त्या माणसाने स्वतःच्या दुखऱ्या बोटांसाठी शोधलेली पळवाट पन्नास वर्षांनी नाशिकच्या एका मुलाच्या कोवळ्या बोटांना उपयोगी पडली. मला शिकवणारा कोणी नव्हता, व्हिडिओ निम्म्या वेगाने लावून एकेक बोट बघत शिकलो. ताईंनी सांगितलेला एकलव्य मला तिथे लगेच पटला.

‘स्पष्टच सांगतो’ यांना एवढेच सांगायचे आहे, की व्हिला पार्कवर त्या दिवशी फक्त म्हातारे नव्हते. यंगब्लड नावाच्या सत्तावीस वर्षांच्या गायकाने सॅबथचेच एक जुने संथ गाणे तिथे गायले आणि ४०,००० हून अधिक लोकांनी ते त्याच्याबरोबर म्हटले. त्या गाण्याला त्या दिवशी नवा गळा मिळाला, आणि तोही मूळ गायक अजून हयात असताना. तिथे कोणी पुतळा उभा केलेला नव्हता.

पण काका, थोडी नाराजी तुमच्या पिढीवरही आहे आणि ती रागावून नाही सांगत. आम्ही तिघे जण मिळून शहरात जिथे मिळेल तिथे वाजवतो. गेल्या वर्षी एका कॅफेने आम्हाला बोलावले, तिसऱ्या गाण्याला येऊन आवाज कमी करायला सांगितले, पाचव्याला हिंदी काहीतरी वाजवा म्हणाले आणि ठरलेल्या पैशांपैकी निम्मेच हातावर ठेवले. त्या संध्याकाळी समोर अकरा लोक होते, त्यांतले चार आमचे नातेवाईक. (घरी बँडमध्ये आहे असे पहिल्यांदा सांगितले तेव्हा आजीने, कोणाच्या वरातीत, असे विचारले होते, त्यामुळे नातेवाईकांचे येणे ही आमच्यासाठी मोठीच प्रगती आहे.) शहरात हे संगीत कळणारी, पस्तीस वर्षे ऐकलेली माणसे आहेत हे मला आज या चर्चेतून कळले. तुम्ही गच्चीवर बसून गेलेल्यांना ऐकत होता आणि आम्ही दोन किलोमीटरवर रिकाम्या खुर्च्यांपुढे तेच वाजवत होतो.

ताईंनी विचारले आहे, कोणी वाजवते का. आम्ही वाजवतो. बोलावले तर येऊ.

पंचवटीची तंबोरी (५ ऑगस्ट, सकाळी ६.५०)

बाळा, तू लिहिलेस ते फार बरे केलेस. निम्मे पैसे हातावर ठेवण्याची रीत आमच्याही मैफलींना अपरिचित नाही, एवढे सांगून तो विषय सोडते.

गंगापूररोडकर, रात्री आपली ती वयांची यादी पुन्हा वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली. आपण ती पुढच्या मृत्यूंची यादी म्हणून लिहिली आहे. आपल्या घरात ८१ वर्षांचे आजोबा असतील तर आपण त्यांच्याकडे असे पाहत नाही, आपण त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करतो. ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवे लागले, की त्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असे मानून त्याला पाटावर बसवतो, औक्षण करतो आणि त्याच्या देखत त्याचे कौतुक करतो. आपल्या यादीतल्या सहाही जणांचे ते वय होऊन गेले आहे आणि आपण पाच मित्रांनी त्यांच्यापैकी एकासाठीही शनिवार काढलेला नाही. गेल्यावर जमण्याला माझी हरकत नाही, परंतु बैठकीला मृत्यूचीच तिथी का लागावी? जिवंत माणसाच्या नावाने जमलात तर आपले ते कावळ्याची वाट पाहणारे मित्रही कदाचित परत येतील.

आणि तबकडी ऐकणे सोडू नका. आधी ती ऐकावी, मग मुलांनी वाजवावे. आमच्याकडेही गुरूंचे गाणे आधी कानावर पडते, गळ्यात नंतर उतरते.

गंगापूररोडकर (९ ऑगस्ट, रात्री ११.१०)

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी मित्राशी बोलायचे होते. आज शनिवार, तरी बैठक नव्हती. मीच त्याच्या घरी इंदिरानगरला गेलो आणि ही सगळी चर्चा त्याला वाचून दाखवली. सातपूरच्या दादांचे लिखाण ऐकताना तो एकदम गप्प झाला. नंदू भेंड्यांच्या उल्लेखावर आम्हा दोघांनाही मान खाली घालावी लागली. आमच्यापैकी दोघांच्या घरी पुलंची सगळी पुस्तके आहेत, त्यांच्या त्या नाटकात कोण होते हे ठाऊक आहे, आणि तरीही हे नाव आम्हाला कधी आठवले नाही. दादा, याचे समर्थन करत नाही.

‘स्पष्टच सांगतो’ यांचे प्रतिमांबद्दलचे म्हणणे मला पटते. मीही त्या पाहायला जाणार नाही. पण त्यावरून बैठक बंद करण्यापर्यंत कसे पोहोचायचे ते मला समजले नाही.

सौभाग्यवतींनीही चर्चा वाचली. सहस्रचंद्रदर्शनाचा मजकूर वाचून त्यांनी पहिला प्रश्न केला, “मग यांच्यात आता कोणाचे आहे?” आम्ही बसून जन्मतारखा काढल्या. डीप पर्पलचा गायक इयान गिलन याचा जन्म १९ ऑगस्ट १९४५ चा. म्हणजे येत्या १९ तारखेला त्याला ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवे लागते, तो हयात आहे आणि अजून बँडबरोबर गातो. शिवाय १९७० मध्ये त्या येशूवरच्या नाटकाचा जो मूळ अल्बम निघाला, त्यात येशू गिलननेच गायला होता. तेव्हा त्या संध्याकाळी गिलनचा येशू आणि आपला मुंबईचा जुडास या दोघांची आठवण एकत्र काढता येईल, हे मित्राने सुचवले. तो येणार आहे. कावळ्याचा विनोद पुन्हा करणार नाही, असे त्याने कबूल केले नाही, पण येणार आहे.

१९ ऑगस्ट मंगळवार आहे, तरीही तारीख बदलायची नाही असे ठरले. संध्याकाळी सात वाजता जमायचे. पहिला तास कॅसेट आणि तबकड्या. माझी ती पाचव्या हातची खरखरणारी कॅसेटसुद्धा लावणार आहे, तिच्यात एका सोलोचा शेवट टेप संपल्यामुळे अर्धवट तुटला आहे आणि मला आजही मूळ अल्बम ऐकताना त्या जागी थांबायची सवय आहे. त्यानंतर ‘सहा तारा’ आणि त्याचे दोन सोबती वाजवतील. बाळा, तुमचे ठरलेले पूर्ण पैसे आधी मिळतील, आवाज कोणी कमी करायला सांगणार नाही, फक्त खालच्या मजल्यावरच्या आजींना दहानंतर झोप लागते, तेव्हा ड्रम साडेनऊला थांबवावे लागतील. सातपूरच्या दादांसाठी खुर्ची ठेवली आहे, सतरंजीवर बसावे लागणार नाही. ताई, आपणही यावे. रिक्षाने येत असाल तर गंगापूर रोडला वळण्याआधी फोन करा, मी खाली उतरून थांबतो.

औक्षणाला समोर माणूस नाही, म्हणून सौभाग्यवती गिलनचा एक फोटो छापून आणणार आहेत. फुले आणणाऱ्यांना एकच विनंती आहे. माणूस जिवंत आहे, त्यामुळे फोटोला हार घालायचा नाही.